दोनशेचे दोनशे तीन

वस्तुमान निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही; सगळं विश्व या एका नियमावर उभं आहे. मंगळवारी दुपारी हा नियम गाळतपासणीच्या प्रयोगशाळेत तीन ग्रॅमनी मोडला.

नदीतळाचा गाळ भट्टीत वाळवून बरोबर दोनशे ग्रॅम घेतला होता. एकावर एक सात चाळण्या, वरची जाड, खालची पिठालाही अडवेल अशी. यंत्रानं दहा मिनिटं गदागदा हलवल्या, प्रत्येकीतला माल तोलला. बेरीज दोनशे तीन.

"गाळ कमी भरलेला पाहिलाय," प्रयोगशाळेचे प्रमुख पुटपुटले, "व्यालेला पहिल्यांदाच."

परवान्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी लाल पेन काढलं. शंभरात एकाहून जास्त फरक म्हणजे परवाना रद्द, आणि बावीस वर्षं या चाळण्या जपणाऱ्या चाळणबाईंची रवानगी तळघरातल्या दप्तरखान्यात.

गंमत म्हणजे ते तीन ग्रॅम कुठून आले, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झाकण लावण्याआधी साहेब चाळणीवर ओणवे होऊन सूक्ष्मकणांचं महत्त्व समजावत होते. तोंडात खुसखुशीत बिस्किट. अर्धं पोटात गेलं, अर्धं प्रयोगात. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

आता मात्र तळघरातली ओल आठवली आणि बाईंची भीड पार चेपली. वरच्या चाळणीतले पिवळसर तुकडे त्यांनी चिमट्यानं वेचून तोलले. दोन पूर्णांक आठ.

"साहेब, या कणांच्या कडा ताज्या तुटलेल्या आहेत. हे काही नदीतून घासत आलेले नाहीत."

"मग आले कुठून?"

"उगम जवळच असावा." साहेबांच्या मिशीकडे बाईंनी बघितलं नाही. फार कष्टानं बघितलं नाही. साहेबांच्याच कपातला चहा थेंबभर तुकड्यांवर सोडला. तुकडे फुगले, मऊ पडले.

"नदीचा गाळ चहात असा फुगत नाही हो, साहेब."

प्रमुख छताचं निरीक्षण करू लागले. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला, लाल पेन खिशात घातलं, निळं काढलं आणि लिहिलं: 'बाह्य पदार्थ वगळता निकाल समाधानकारक.' खाली झोकदार सही. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"बाई, तुमच्या नोंदीत तेवढं पदार्थाचं नाव नको हं. अहवाल आमची ही टाइप करते, आणि डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय."