नावं पुसलेली कोनशिला

मी एक जुनी कोनशिला आहे, मित्रांनो. इमारतीची पायाभरणी झाली की पुढारी मंडळी ज्या दगडावरचा पडदा बाजूला करतात, ज्यावर त्यांचे नाव, हुद्दा आणि तारीख असते, तो दगड म्हणजे मी. आता माझ्यावर एकही अक्षर नाही आणि माझे दोन तुकडे झाले आहेत. तरी मी स्वतःला कोनशिलाच म्हणवते. इतकी वर्षे मिरवलेला मान असा सहजासहजी सुटत नाही.

डोंगराच्या खाणीतून मला एका पाथरवटाने निवडून आणले. वस्तीत त्याला सगळे ठकठक्या म्हणायचे, कारण जेवायला बसला तरी त्याची बोटे ताटाच्या कडेवर ठोके देत असत. कामाला मात्र मोठा चलाख. दुसरे पाथरवट ओळ आखेपर्यंत याची ओळ कोरून झालेली असायची.

देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता. परक्यांचा झेंडा उतरला होता आणि अनोळखी माणसेही रस्त्यात एकमेकांकडे पाहून उगाचच हसत होती. आमच्या सूतगिरणीच्या वस्तीत देशाचे पहिले अध्यक्ष आले. साधा माणूस, बुटांना चिखल लागलेला. माझ्यावरचा पडदा सारून ते म्हणाले, "इथं प्रसूतिगृह होईल. यापुढे आपल्या देशातली एकही आई वाटेत मरणार नाही."

ठकठक्याच्या बायकोने पदराने डोळे टिपले. ती सुईण होती. वस्तीतली निम्मी पोरे तिच्याच हातावर जन्मलेली, म्हणून लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. आणि माझे काय विचारता! मी तर हुरळूनच गेले होते.

अध्यक्षांनी पाया खणला आणि भरलाही. मग एका सकाळी रस्त्यावर रणगाडे आले, रेडिओवर अध्यक्षांऐवजी कुणी वेगळेच बोलू लागले, आणि देश सेनापतींच्या हाती गेला. त्यांचा माणूस येऊन ठकठक्याला म्हणाला, "हे नाव काढ आणि सेनापतींचं घाल. परवा ते स्वतः येतायत."

दगडावरचे नाव खोडता येत नाही, मित्रांनो. अक्षरे जितकी खोल, तितकी सगळी शिला घासून खाली न्यावी लागते. पाणी मारायचे, वाळू पसरायची आणि वरून दुसरा दगड फिरवत राहायचे. ठकठक्याने मला चांगले बोटभर घासले आणि नवे नाव कोरले. परवा म्हणजे परवाच मी तयार होते. पाया ज्यांनी भरला त्यांची खूणही उरली नाही, याचे मला वाईट वाटले, पण दगडाला कोण विचारतो?

सेनापतींनी भिंती बांधल्या, हे मी नाकारणार नाही. जाडजूड भिंती, खिडक्यांना लाकडी चौकटी. छपराचे पत्रे तेवढे परदेशातून यायचे होते. आमचा देश सूत विकून पोट भरत होता, आणि नेमका बाहेर सुताचा भाव कोसळला. गिरणीच्या पाळ्या कमी झाल्या, कामगार पारावर बसून दिवस काढू लागले. पत्रे काही आले नाहीत. छपराविना भिंती उन्हात तापत राहिल्या आणि आत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

त्याच दिवसांत विणकराच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मूल पोटात आडवे होते. हे आपल्या हातचे नाही, असे मावशीने ओळखले. मोठे इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. पोरीला हातगाडीवर निजवून चौघे धावत निघाले. हातगाडी परत आली तेव्हा चादर तिच्या तोंडावरून ओढलेली होती.

मावशी माझ्यापाशी येऊन बसली आणि तिने कपाळ माझ्यावर टेकले. मग ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही नावं कोरत बसा. बायका वाटेत मरतायत." ठकठक्याने हातातली छिन्नी खाली ठेवली.

पुढे सेनापतीही गेले. लोक रस्त्यावर उतरले, निवडणूक झाली. मावशी ठेवणीतले लुगडे नेसून मत देऊन आली आणि शाई लागलेले बोट दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरली. आता छप्पर येणार, अशी तिची खात्री होती. आले ते मात्र नव्या मंत्र्यांचे एक अधिकारी साहेब, काखेत नकाशा घेऊन.

"या भिंती हुकूमशहाच्या," साहेब म्हणाले. "त्या पाडून इथं लोकशाहीचा विजयस्तंभ उभारायचाय. मंत्रिमहोदय आधी कोनशिलेचं अनावरण करतील आणि मग भिंतीवर पहिली कुदळ मारतील. दगड तयार झाला की कळव."

मावशीच्या तोंडचे पाणी पळाले. तिची स्वतःची लेक गरोदर होती, दिवस भरत आले होते, आणि तिचेही मूल आडवे असल्याचे मावशीच्या हाताला लागत होते. शहरातल्या डॉक्टरीणबाई वस्तीत यायला तयार होत्या. त्यांची अट एकच होती: छप्पर असलेली, धुतलेली खोली हवी. उघड्यावर पोटाला सुरी लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

"दगड किती दिवसांत होईल?" मावशीने नवऱ्याला विचारले.

"दोन दिवसांत."

"आणि नाहीच झाला तर?"

ठकठक्याने बायकोकडे पाहिले, मग त्या उघड्या भिंतींकडे पाहिले. "नाहीच होणार तो," तो म्हणाला. "तू पत्र्यांचं बघ."

आणि वस्तीतला सगळ्यांत चलाख पाथरवट सगळ्यांत आळशी झाला! त्याने मला आपल्या अंगणात आणले होते; साहेब तिथे चौकशीला आले की हा वाळू पसरून घासतच असायचा. एकदा म्हणाला, "दगड अजून पाणी पितोय, साहेब." पुढच्या वेळी म्हणाला, "हवा दमट आहे, आत्ता कोरलं तर कपचे उडतील." साहेब चिडले तेव्हा याने हात जोडले. "काय करू साहेब, सेनापतींची अक्षरं फार हट्टी आहेत. जाता जात नाहीत."

अक्षरे केव्हाच गेली होती. पण साहेबांना घासणे दिसले पाहिजे, म्हणून घासणे चालू होते. तिकडे वस्तीच्या टोकाला, साहेबांच्या नजरेआड, भिंतींवर पत्रे चढत होते. कुणी गोठ्याचे आणले, कुणी दुकानावरची पाटी काढून दिली, विणकराने तर स्वतःच्या पडवीचे छप्पर उतरवले. कोंबड्यांना हाकलून बायकांनी फरशी घासली. आणि इकडे मी झिजत होते. खोटे कशाला सांगू, मित्रांनो, मला भीती वाटत होती. एका दुपारी ठकठक्याने हात थांबवून तळवा माझ्यावर ठेवला आणि पुटपुटला, "अजून थोडं सोस गं बाई." त्यानंतर मी भ्यायचे सोडून दिले.

शेवटी साहेबांनी दगडाची वाट न पाहता मंत्र्यांनाच आणले. त्याच सकाळी झिजून पातळ झालेली मी फुटले होते. बँड वाजत होता, सगळी वस्ती गोळा झाली होती.

"दगड कुठाय?" साहेब ओरडले.

"संपला, साहेब," ठकठक्या म्हणाला.

मंत्र्यांनी कुदळ हातात घेतली, आणि आतून बाळ रडले. बँड आपोआप थांबला. दार उघडून मावशी ओल्या हातांनी बाहेर आली. तिचे गाल भिजलेले होते.

"नात झाली," ती सगळ्यांना म्हणाली. "माझी लेक सुखरूप आहे. डॉक्टरीणबाई आत तिच्यापाशीच आहेत." मग तिचे लक्ष मंत्र्यांच्या हाताकडे गेले. "साहेब, कुदळ मारायची तर जरा दमानं हं. दोघींना आत्ताच निजवलंय."

मंत्री छपराकडे पाहत राहिले. एवढे मतदार समोर उभे असताना कुदळ उचलण्याइतके ते भोळे नव्हते. पण मला वाटते, त्यांनाही कुठेतरी आई असणार. त्यांनी कुदळ हळूच भिंतीला टेकवून ठेवली. विजयस्तंभ पुढे दुसऱ्याच कुठल्या चौकात झाला म्हणे.

माझा मोठा तुकडा मावशीने आतल्या न्हाणीत बसवून घेतला. इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला माझ्यावर पहिली अंघोळ घालतात. मी घासून घासून इतकी गुळगुळीत झाले आहे की त्या कोवळ्या पाठीवर ओरखडासुद्धा उमटत नाही. कोमट पाणी वाहते, बाळ भोकाड पसरते आणि मला पुन्हा हुरळून जावेसे वाटते.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुठेतरी अर्धवट भिंती उभ्या असतील. त्या कुणाच्या राजवटीतल्या, हे मागाहून विचारा. आधी त्यांच्यावर छप्पर घाला. आत येण्यासाठी कुणीतरी वाटेवर आहे.