सगळ्यात गडद बाटली

होबार्ट शहरातल्या एका प्रयोगशाळेत थंड खोलीतल्या सतत पेटत्या दिव्याला ग्लेनिस ऑरफर्डला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नसे. आत बाटल्यांमध्ये तिचं शेवाळ होतं, अंटार्क्टिकाच्या एका उपसागरात बर्फाच्या तळाशी वाढणारं. एकेक पेशी डोळ्यांना दिसत नसे, पण दाटी झाली की पाण्याला चहाचा रंग चढे. तो उपसागर आता हिवाळ्यातही धड गोठत नव्हता, त्यामुळे ही जात उरली होती ती एवढ्या बाटल्यांतच.

दर महिन्याला ग्लेनिस सगळ्यात गडद बाटली निवडून तिच्यातले थेंब ताज्या पाण्यात सोडायची आणि फिक्या बाटल्या मोरीत ओतायची. वीस वर्षं हेच चाललं होतं. तिच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत, आणि तिचाही त्यावर विश्वास होता.

टॅम्सिन याक्सली ही नवी संशोधक आली आणि तिने शेवाळाला खरा ध्रुवीय हिवाळा द्यायचं काढलं. उजेड हळूहळू कमी करायचा, मग महिनोन्‌महिने काळोख आणि बर्फाखालच्या समुद्राइतकं गार पाणी.

"तुझी पोरं लाडावलीत का बघू," ती हसत म्हणाली.

ग्लेनिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काळोख त्यांच्या रक्तातच आहे, असं सुनावून तिने निम्म्या बाटल्या स्वतःच्या हाताने काळ्या कापडात गुंडाळल्या.

सप्टेंबरात, म्हणजे तिकडचा हिवाळा सरताना, कापड निघालं, उजेड बेताबेताने वाढवला, तरी पाणी नितळच राहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशींची नुसती रिकामी कवचं दिसत होती. तू घाई केलीस, असं ग्लेनिस टॅम्सिनला पुन्हापुन्हा म्हणत राहिली. टॅम्सिनने वाद घातला नाही. काळोखात तगतात त्या पेशी काटकसरी असतात, उजेडातसुद्धा सावकाश वाढतात, एवढंच ती म्हणाली.

"म्हणजे त्यांची बाटली फिकी दिसणार," ग्लेनिस म्हणाली.

"हो."

"त्या मी ओतून दिल्या, टॅम्सिन. दर महिन्याला."

वीस वर्षं ग्लेनिसने जिवापाड जपलं होतं ते बर्फाखालचं शेवाळ नव्हतंच, तिच्या दिव्याखाली सुखाने फोफावणारं दुसरंच काहीतरी होतं.

त्या महिन्याचं पाणी बदलायचं होतंच. कापडात न गुंडाळलेल्या बाटल्यांतून तिने सगळ्यात फिकी उचलली आणि उजेडासमोर धरली. आतलं शेवाळ काटकसरी आहे की नुसतं मरायला टेकलंय, हे तिला सांगता येईना. तरीही तिने त्यातलेच थेंब घेतले.