कॅप्टन वगीह यांचे बटण

“बोल रे हिलमी, गप्प बसू नकोस. किती राहिलं?”

रेडिओच्या भोंग्यातून कॅप्टन वगीह यांचा आवाज आला आणि माझ्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. सकाळचे सात वाजत आले होते. कफ्र अल-शेखच्या आमच्या धावपट्टीवरून कापसावर औषध मारायला गेलेले त्या दिवसाचे ते शेवटचे विमान; ऊन चढले की फवारणी बंद. बोलणे माझ्यासाठी नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या सहवैमानिकासाठी, हिलमीसाठी होते. ते मला ऐकू यायलाच नको होते.

ते कसे झाले हे मला लगेच कळले. विमानांचे रेडिओ सांभाळणे हेच माझे काम. ती दुपंखी विमाने इतका आवाज करत की खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाशीही हेडफोनमधूनच बोलावे लागे. सुकाणूवर एक दुतोंडी बटण असे. वर दाबले की शेजाऱ्याला ऐकू जाई, खाली दाबले की आम्हा जमिनीवरच्यांनाही. पण बोलायचे तितका वेळ अंगठा दाबून धरायचा, आणि हात तर विमान सावरण्यात गुंतलेले. म्हणून ज्याने त्याने आपला इलाज शोधला होता. कोणी रबर गुंडाळी, कोणी आगकाडी खुपसे. कॅप्टन मुख्तार बायकोचा कपडे वाळत घालायचा चिमटा लावत. कॅप्टन वगीह खजुराची बी लावत. “अंगठा दुखतो रे, अम्म फिक्री,” असे त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला सांगितले, तेव्हा ती बी कानशीने घासून खाचेत नेमकी बसेल अशी मीच करून दिली होती. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी इतरांसारखे मला अम्म, म्हणजे काकाच म्हणत.

त्या दिवशी कैरोहून बाशमुहंदिस रिफ्अत, म्हणजे मोठे इंजिनिअर, तपासणीला आले होते. म्हणून आदल्या दुपारी मी सगळ्या विमानांतले हे नियमाबाहेरचे चिमटे, काड्या, बिया काढून टाकल्या होत्या. कॅप्टननी बी सकाळी पुन्हा लावली असणार, स्वतःच्या हाताने, चाचपून. ती खालच्या बाजूला बसली.

“तारा आल्या की आधी सांग. कालच्यासारखं उशिरा नको… हो, खांब दिसतोय. खांब काय, आंधळ्यालाही दिसेल. तारा दिसत नाहीत. सूर्याकडे तोंड केलं की सगळं दूध होतं बघ.”

हिलमीची उत्तरे मला ऐकू येत नव्हती. मध्ये नुसते इंजिन.

“आता?… घेतलं वर. शाबास. घाबरलास?… खोटं बोलतोस. तुझे गुडघे थरथरतायत. तेवढं दिसतं मला.”

म्हणजे अंगठा दुखतच नव्हता. हिलमी त्यांचे डोळे झाला होता, आणि डोळ्यांना सारखे बोलत राहावे लागत होते. मी रेडिओवरून ओरडलो असतो तरी उपयोग नव्हता. ज्याचे बटण खाली दाबून राहिले आहे, त्याला आमचे काहीच ऐकू जात नाही.

बाहेर पायरीवर बाशमुहंदिस पावाशी फूल, म्हणजे शिजवलेल्या वालाची उसळ, खात बसले होते. दार उघडे होते. मी हेडफोनची पिन खोचली. भोंगा गप्प झाला आणि आवाज माझ्या एकट्याच्या कानात उरला.

“अम्म फिक्री, भोंगा का बंद केलास?”

“खरखर फार होती, बाशमुहंदिस.”

“मग काढ की खरखर. तुझं कामच ते.” त्यांनी पावाचा आणखी एक तुकडा मोडला.

जन्मभर लोकांनी मला भित्रा म्हटले, आणि एकदाच धीर केला तो खोटे बोलायला. ते बरोबर केले की नाही, मला अजूनही सांगता येत नाही. तेव्हा तर विचार करायलाही वेळ मिळाला नाही.

“शेवटचा पट्टा,” कॅप्टन म्हणत होते. “काय रे, मुलगी झोपू देते का?… नाव काय ठेवलंत?… सांगितलं होतंस? मग पुन्हा सांग म्हाताऱ्याला… हनान. छान आहे. हनान… कुठे? कुठल्या तारा—”

मग इंजिन चिरकले. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने अगदी हळू आवाज आला.

“अल्हम्दुलिल्लाह. सुकाणू तू ओढलंस ते बरं केलंस, पोरा. आता तूच ने घरी.”

विमान उतरले. हिलमी खाली आला आणि माझ्याकडे न बघता तडक नळाकडे गेला. कॅप्टन जागेवरच बसून होते. मी वर चढलो, वाकून बी काढली आणि खिशात टाकली.

“खाली बसली होती?” त्यांनी विचारले.

“हो.”

“कोणी कोणी ऐकलं?”

“मी एकट्याने.”

“मग झालं.” त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “बाशमुहंदिसने विचारलं, तर अंगठा दुखतो म्हणून सांग त्याला. बाराच दिवस राहिलेत हंगामाचे. मग मी आपणहून थांबणार आहे. देवाशपथ.”



“हिलमीच्या मुलीचं नाव काय म्हणालात, कॅप्टन?” मी विचारले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना कितपत दिसत होतो कोण जाणे.

“हनान,” ते म्हणाले. “तू फार वाईट माणूस आहेस, अम्म फिक्री.”

“हो,” मी म्हणालो.

ते उतरले. टोपी नीट केली आणि एकटेच रेडिओच्या खोलीच्या दिशेने चालत गेले. पायरीशी थांबून त्यांनी रेडिओवरच्यासारख्या स्वच्छ आवाजात सांगितले, “बाशमुहंदिस, विमान ठीक आहे. वैमानिक ठीक नाही. लिहून घ्या, डोळे.”

बाशमुहंदिस उठून उभे राहिले. त्यांनी फूलची वाटी पुढे केली. कॅप्टन वगीह पायरीवर बसले आणि खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असे मी धरून चाललो होतो. ते वेळेवर आले, दाढी करून, गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करून, आणि माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर बसले. हिलमी कॅप्टन मुख्तारांबरोबर निघायच्या तयारीत होता.

“वारा कसा आहे, अम्म फिक्री?” भोंग्यातून हिलमीने विचारले.

मी खिडकीकडे वळलो, तर कॅप्टननी हात वर करून मला थांबवले. ते उठले, चौकट चाचपत दारात गेले, टोपी काढली. डोळे मिटून त्यांनी चेहरा हळूहळू एकीकडून दुसरीकडे फिरवला. मग परत येऊन माझ्यापुढे हात पसरला. मी माइक त्यांच्या हातात दिला.

“उत्तरेकडून. हलका,” ते म्हणाले. “निघा, पोरांनो.”

बाहेर काठीवरची वाऱ्याची कापडी पिशवी दक्षिणेकडे शेपूट करून किंचित फुगली होती.