किडक्या वांग्यांचा चोर

"विष माणसाला ओळखत नाही, म्हणून माणसानं विषाला ओळखलं पाहिजे." कृषी सहायकाच्या नोकरीत देवमनने हे वाक्य एकतीस वर्षं गावोगाव ऐकवलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस एकच निघाला, लाउडस्पीकरवाला. त्याला माइक परत न्यायचा असे.

निवृत्तीनंतर श्रोते आणखी घटले. आत्ता मालेगावच्या घरामागे, परसात, पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क अशा थाटात उभा राहून तो तेच वाक्य बायकोला ऐकवत होता.

"आयकलं," भागिरथा दारातूनच म्हणाली. "सोळा झाडं हायेत वांग्याची. तुमी तं चंद्रावर निघाल्यासारखे दिसून राह्यले."

"सात दिवस एकही वांगं तोडाचं नाई. बाटलीवर लिहेल हाय."

"मी कायले तोडू? अर्ध्याच्या वर वांग्यायले छिद्रं. माहा हात तरी लागते का त्यायले?"

वारा मंदावला होता, मधमाश्या परतल्या होत्या. देवमनने वाऱ्याकडे पाठ करून फवारलं आणि काठीला लाल फडकं बांधून वाफ्यात रोवलं. आदल्या दिवशी घरोघरी जाऊन कपडे आत घ्या, पाणी झाका, हेही सांगून झालं होतं. शेजारच्या भंवरीबाईंनी, कापड दुकानाच्या माणिकचंदांच्या विधवेने, कपड्यांचं काही विचारलं नव्हतं.

"त्या वांग्यात जीव असतीन ना, भाऊ?"

"त्यायच्यासाठीच तं फवारा हाय, बाई."



एक नियम मात्र राहिला. किडकी फळं फवारणीआधी तोडून जमिनीत पुरायची असतात. ती वाकून तोडावी लागतात, आणि देवमनचा उजवा गुडघा वाकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात आवाज नव्हता. चिमण्या भिंतीपर्यंत येऊन परत फिरल्या. पाण्याच्या टाकीखालून निघणारी मुंग्यांची रांग वाफ्याच्या कडेला संपली होती. पुढे मुंग्या होत्या, पण त्या चालत नव्हत्या. लाल फडकं सरळ लटकत होतं. आणि पाच वांगी नव्हती.

ओरबाडलेली नव्हती. देठ स्वच्छ कापलेले होते. फाटकाची कडी आतून लावलेली होती.

तिसऱ्या दिवशी आणखी चार गेली. चौथ्या दिवशी सहा. देवमन झाडांपुढे उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की जांभळी, तुकतुकीत, धड वांगी जागच्या जागी आहेत. चोर फक्त किडकी नेत होता.

तो गल्लीत निघाला. "पोट दुखते का? तोंडाले पाणी सुटते? डोळ्यापुढं अंधारी?"

जीप चालवणारा सेवालाल दात घासत ओट्यावर बसला होता. "सायेब, निवडणुकीले उभे राहून राह्यले का?"

"मळमळ होते का सांग."

"तुमाले पाह्यलं तवापासून होऊन राह्यली."

साऱ्या गल्लीची पोटं त्याने तपासली. भंवरीबाईंकडे तेवढा गेला नाही. त्या वांगं खात नसत.

"कोन नेत असंल वं?" त्याने जेवताना भागिरथेला विचारलं.

"ज्याले धड वांगं न्याची लाज वाटते, तो नेत असंल," ती भाकरी मोडत म्हणाली. "किडकं नेलं तं चोरी थोडीच म्हनते कोनी."

देवमनने ताट बाजूला सारलं.

बावीस वर्षांपूर्वी कामरगावकडच्या एका शिवारात चवळीच्या तुकड्यावर त्याचं फवारणीचं प्रात्यक्षिक होतं. मजूर बायांना त्याने तोंडाला फडकं कसं बांधायचं ते शिकवलं. फवारणीनंतर किती दिवस खायचं नाही, हा शेवटचा मुद्दा होता. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला आणि तो मुद्दा सांगायचा राहून गेला. नानीबाई नावाच्या बाईने सांगितल्याप्रमाणे तोंड नीट बांधून दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी ओटीभर शेंगा घरी नेल्या. किडक्या. चांगल्या शेंगा मालकाच्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती गेली. कागदावर मृत्यूचं कारण ताप असं लिहिलं गेलं. देवमन कुणाजवळ काही बोलला नाही. त्यानंतर प्रत्येक भाषणात तो शेवटचा मुद्दा पहिला घेऊ लागला, इतकंच.

पाचव्या दिवशी फटफटायच्या आधी तो सगळा पोशाख चढवून शेवग्याच्या खोडामागे जाऊन उभा राहिला. धुकं होतं. वाफा अर्धाच दिसत होता.

फाटक वाजलं नाही. तरी वांग्यांच्या झाडांत कुणीतरी होतं. पांढरं लुगडं, तोंड बांधलेलं, एका हाताने ओटी धरलेली. ते झाडाजवळ वाके, काहीतरी कुजबुजे, थांबे, जणू उत्तर ऐकतंय. मग कचकन आवाज होई आणि वांगं ओटीत पडे.

 

"नानीबाई," तो म्हणाला. मास्कमुळे ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "नानीबाई, खाऊ नको वं! टाक ते!"

ती आकृती वळली. धुक्यातून समोर काचेचे डोळे, रबरी हात आणि तोंड नसलेला चेहरा पाहून ती किंचाळली, "अरिहंत! अरिहंत!"

दोघांचीही तोंडं बांधलेली होती. मग तिने तोंडावरची मुहपत्ती, जैन लोक जपाच्या वेळी बांधतात ती पांढरी पट्टी, खाली केली. भंवरीबाई होत्या.

"तुमी?" देवमनने मास्क ओढला. "कुठून आल्या?"

"मंधातली भिंत पडेल हाय ना, भाऊ, टाकीमागं. सकाळचं सामायिक, जप-ध्यान, झालं का येतो." त्यांना धाप लागली होती. "आत जीव हाय यायच्या. नाल्याच्या पलीकडं, बाभळीखाली नेऊन सोडतो."

"खाल्लं तं नाई ना एखांदं?"

"वांगं? जन्मात नाई खाल्लं म्या."

"मंग बोलत कोनासंग होत्या?"

"माफी मांगत होतो त्यायची. घरातून काढून राह्यलो ना आपन त्यायले."

देवमनचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. उघडे हात, हिरवट डागांचे. कात्री थरथरत होती.

"हात काहून हालून राह्यले?"

"तीन दिवसांपासून चुरचुरते. डोकं बी गरगरते. म्हातारपन, भाऊ."

"भागिरथा! साबन आन! पानी आन!"

"गाळेल आना, बाई," भंवरीबाई म्हणाल्या.

भागिरथा पदर खोचत आली आणि काही न विचारता पुन्हा आत जाऊन फडक्याने पाणी गाळून आणलं. देवमनने घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्यांचे हात कोपरापर्यंत धुतले, नखांच्या कडाही सोडल्या नाहीत. भागिरथेने त्यांना आपलं लुगडं नेसवलं. मग रिक्षात बसवून, बाटली पिशवीत घालून, तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने बाटलीवरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. देवमनने इतक्या वर्षांत हे दृश्य पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळपर्यंत सलाईन चालू राहिलं. हातांची थरथर थांबली.

परत येताना रिक्षात त्याने त्यांना सगळे मुद्दे सांगितले, शेवटचा आधी. त्या मान हलवत होत्या.

"समजलं ना, बाई? आता त्या झाडायले हात लावाचा नाई."

"नाई लावत," भंवरीबाई म्हणाल्या. उतरताना त्यांनी रिक्षाचा दांडा धरला आणि तशाच थांबल्या. "पन दोन राह्यले, भाऊ. कोपऱ्यातल्या झाडावर, खालच्या अंगाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनने हातमोजे घातले, मास्क बांधला आणि गुडघ्यावर हात दाबून खाली बसला. ती दोन वांगी देठासकट कापली आणि काल भंवरीबाईंच्या ओटीत होती तीही घेतली. पुरली नाहीत. पडक्या भिंतीवरून, नाल्यातून, धुक्यातून तो बाभळीपर्यंत गेला. तिथे आधीची पंधरा वांगी ओळीने मांडून ठेवलेली होती. आपली त्याने ओळीच्या शेवटी ठेवली. मास्कच्या आत त्याने माफी मागितली. अळ्यांची की नानीबाईची, ते मास्कबाहेर आलं नाही.

वांग्यातल्या अळीचा, पुन्हा वांग्यावरच अंडी घालणारा पतंग व्हायला आठ-दहा दिवस लागतात. बाभळीपासून देवमनच्या वाफ्यापर्यंत चाळीस पावलं आहेत.