तात्यांचा फ्लेक्स

बीड आता पुण्याला हार जात नाही, हे सुंदरराव तात्यांचं ठाम मत होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. नेकनूरची जमीन बटईनं लावून तात्या बीडात नगर रोडला बंगला बांधून राहायला आले, त्याला बराच काळ लोटला होता. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आले, पुढच्या खेपेला आपटले, पण नमस्कार घ्यायची सवय काही गेली नाही. लिफ्टच्या इमारती झाल्या, शोरूम झाल्या, येणार येणार म्हणून दोन पिढ्यांचे केस पिकवणारी रेल्वेसुद्धा आली. आता राहिलं काय, असं ते विचारत आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आपणच सांगत, काही न्हाई राहिलं.

यात तात्यांचा स्वार्थ होता, तो लपवण्यात अर्थ नाही. एकुलता एक मुलगा सुरज पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा. आता त्याचं काम घरून चालत होतं आणि सून ऋतुजाला बीडच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती. दिवाळीपर्यंत राहून बघू, असं दोघांनी ठरवलं होतं. ऋतुजाला बीड मानवलं तर कायमचं इथंच, नाहीतर पुन्हा पुणं. म्हणजे सगळं सुनेच्या मनावर. तात्यांना आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाईंना ती दोघं घरात हवी होती. भल्यामोठ्या बंगल्यात दोन म्हाताऱ्या माणसांनी टीव्हीचा आवाज वाढवून बसायचं, याला तात्या विटले होते.

ऋतुजा मूळची उमापूरची, पण माहेरी जायचं तिनं सोडलं होतं. मागच्या वर्षी पुण्यात, पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. त्यानंतर एकदाच ती उमापूरला गेली, तर स्टँडपासून घरापर्यंत प्रत्येक ओट्यावरून तोच प्रश्न आणि तीच हळहळ. तशीच माघारी फिरली. तात्यांच्या घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. न बोलल्यानं माणूस विसरतं, अशी तात्यांची समजूत होती.

बीडात मात्र ती रमली. सकाळी एकटीच फिरायला जायची. कॉलेजातून येताना चौकातल्या गाड्यावर उभी राहून पाणीपुरी खायची, झणझणीत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. एकदा जेवताना ती हसत म्हणाली, "तात्या, इथं मला कुणीच ओळखत नाही."

झालं. तात्यांनी ते मनाला लावून घेतलं. ती हसत म्हणाली हे त्यांनी पाहिलं होतं, पण पोरगी सोशिक हाय, दुःखसुद्धा हसून सांगती, असा अर्थ त्यांनी लावला. सुंदररावाची सून चौकात उभी राहते आणि तिला कुत्रं विचारत नाही, म्हणजे काय? आपल्याला कुणी ओळखत नाही यात माणसाला सुख वाटत असेल, हे तात्यांच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते बंकटच्या दुकानात गेले. बंकट फ्लेक्स छापायचा. बीडात वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर कुणाचं पोरगं फौजदार झालेलं असो, चौकात फ्लेक्स चढल्याशिवाय ते झालं असं कुणी धरत नाही. तात्यांनी लग्नातला फोटो दिला. बंकटनं ऋतुजाचा चेहरा जीपच्या चाकाएवढा केला, शेजारी हात जोडलेले तात्या घातले, वर पुढाऱ्यांची रांग लावली आणि खाली गॉगलवाले शुभेच्छुक बसवले, त्यातल्या निम्म्यांना तात्याही ओळखत नव्हते. 'आमच्या लाडक्या सूनबाई प्रा. सौ. ऋतुजाताई यांचे बीड नगरीत हार्दिक स्वागत.' फ्लेक्स बरोबर पाणीपुरीच्या गाड्यासमोर लागला. जागा तात्यांनी मुद्दाम निवडली होती.

"कशाला तात्या," एवढंच ऋतुजा म्हणाली. लाजली बिचारी, असं तात्यांना वाटलं.

मग शहर तिला ओळखायला लागलं. सकाळी फिरायला बायका सोबत यायला लागल्या. मेडिकलवाला गोळ्या देताना तात्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला. पाणीपुरीवाला नाथा पैसे घेईना, वहिनी वहिनी करत स्टूल पुसून द्यायला लागला. तात्या खूश होते. आणि अशातच नेकनूरच्या विमलबाईनं, तात्यांच्या चुलतभावजयीनं, बाजाराला आली असताना ऋतुजाला त्या गाड्यावर पाहिलं. नाथा कौतुकानं म्हणाला, वहिनी रोज येतात. तात्याची सून, लग्नाला एवढी वर्षं झालेली, आणि रोज उभ्या उभ्या आंबट खाती. आता यात विचारायचं काय राहिलं? विमलबाई एसटीत बसली आणि बातमी तिच्या आधी नेकनूरला उतरली.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा तात्यांचा फोन वाजला. फोन स्पीकरवर टाकून बोलायचा हा त्यांचा शिरस्ता. कानाला लावून बोलणाऱ्याच्या मनात पाप असतं, असं ते म्हणायचे. फोन सटवाचा होता, त्यांची जमीन कसणाऱ्याचा.

"तात्या, पेढे कवा देताव? नातू येतोय म्हनं. विमलकाकी साऱ्या गावाला सांगत फिरायल्यात."

तात्या फोन बंद करायला धडपडले, पण बोट भलतीकडंच पडत राहिलं आणि सटवा बोलतच राहिला. बाळंतपण बीडातच करा, म्हशीचं तूप मी पाठवतो, इथपर्यंत तो गेला. शेवटी मुक्ताबाईंनी फोन ओढून पदराखाली दाबला. ऋतुजानं हातातला घास ताटात ठेवला. ती रडली नाही. सुरज उठून तिच्यामागं उभा राहिला.

"तात्या, आम्ही पुण्याला जातो," ती म्हणाली. "उमापूरला मी का जात नाही, तुम्हाला माहीत आहे. इथं मला कुणी विचारत नव्हतं. मला वाटलं, खरंच मोठ्या शहरात आलोय."

तात्यांना तेव्हा सगळं कळलं. इतके दिवस ते लिफ्टा मोजत बसले होते. पोरीला नुसतं चौकात उभं राहून डोळ्यांतलं पाणी काढायचं होतं, आणि ते कशाचं आहे हे कुणी विचारायला नको होतं.

ऊन उतरल्यावर ते बंकटची शिडी घेऊन चौकात गेले. माणूस पाठवतो, म्हणून बंकट मागं लागला, तात्यांनी ऐकलं नाही. तात्या या वयात शिडीवर चढले म्हटल्यावर चौक थांबलाच. रिक्षा थांबल्या, हॉटेलातली माणसं चहा तसाच सोडून आली, कुणी शिडी धरली, कुणी व्हिडिओ काढायला लागलं.

"कावून काढायलाव तात्या? चांगला हाय की," खालून कुणीतरी विचारलं.

खरं कारण तात्यांच्या ओठांवर आलं होतं. या चौकाला आजवर त्यांनी काय सांगितलं नव्हतं? निवडणुकीत कुणी दगा दिला ते, मूळव्याधीचं ऑपरेशन, सुरजचं बारावीला राहिलेलं गणित, सगळं. पण ही गोष्ट त्यांची नव्हती.

"वाऱ्यानं फाटलाय," ते म्हणाले. फ्लेक्स धडधाकट होता, साऱ्यांना दिसत होता.

तेवढ्यात ऋतुजा रस्ता ओलांडून आली. घरात बसवत नसावं. गर्दी बघून ती थबकली, मग ओढणी सावरून नेहमीसारखी गाड्यापाशी जाऊन उभी राहिली. शिडी धरणाऱ्यानं मान वळवली.

"तात्या, ती तुमची सूनबाई न्हाई का?"

जीपच्या चाकाएवढा तो चेहरा तात्यांच्या हातात अर्धा लोंबत होता आणि खाली तोच चेहरा उभा होता. तात्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मी न्हाई वळखत."

शिडी धरणारा आपल्या चपलांकडं बघायला लागला. नाथानं एकदा वर पाहिलं, एकदा समोर पाहिलं, स्टूल पुसायला घेतलेलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "काय देऊ ताई, तिखट का गोड?"

"तिखट," ऋतुजा म्हणाली.

ती सावकाश खात राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलंही नाही. नाथानं पैसे मागितले, तिनं दिले. तात्या चौकाकडं पाठ करून शिडीवर उभे होते आणि उरलेली गाठ सोडवत होते. ती सुटायला लई वेळ लागला.

फ्लेक्स नेकनूरला गेला. सटवानं तो उलटा करून कडब्याच्या गंजीवर टाकला. दिवाळी होऊन गेली, पुण्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही, आणि तात्यांनी विचारलं नाही.