वीस किलोमीटरनंतर

पिकअप चौथ्यांदा बंद पडली तेव्हा पद्मजाने हातातला रुमाल डॅशबोर्डवर आपटला आणि दादाकडे पाहिलंसुद्धा नाही.

नव्या रायपुराचा तो सहा पदरी रस्ता, एप्रिलचं ऊन, आणि झाड म्हणून जे काही होतं ते मागे हौद्यात, दोनशे कुंड्यांमध्ये. राज्याचं मंत्रालय इकडे हलल्यापासून इथल्या एकेका कार्यालयाला हिरवळ हवी होती आणि पद्मजाच्या, जुन्या रायपुरातल्या गुढ़ियारीच्या रोपवाटिकेला बरे दिवस आले होते. आज बारा वाजेपर्यंत कुंड्या पोचायच्या होत्या. सव्वाअकरा वाजले होते.

गंगाधर, तिचा थोरला भाऊ, रेल्वेत डिझेल इंजिनांवर बत्तीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यावर बहिणीची गाडी चालवायचं त्याने आपणहून अंगावर घेतलं. गाडी जुनी, दोघांच्या हातांतून आलेली, पण इंजिन दणकट. सगळं ठीक चाललं होतं ते होळीपर्यंत. होळीच्या दुसऱ्या दिवशी दादाने गाडी पाइप लावून धुतली आणि पाणी डिझेलच्या टाकीत गेलं. गाडी खोकायला लागली. गुढ़ियारीतला शालिग्राम मिस्त्री चांगला माणूस. त्याने टाकी रिकामी केली, साफ केली, गाडी सुरू करून दिली.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. गावात गाडी कितीही फिरवा, तक्रार नाही. पण नव्या रायपुराकडे निघालं की विसेक किलोमीटरवर ती ओढ सोडायची, दोनचार आचके द्यायची आणि गप्प व्हायची. दादा म्हणाला, पाण्यासोबत आलेला कचरा फिल्टरमध्ये बसला. शालिग्रामने फिल्टर बदलला. पुन्हा बंद. मग दादाला वाटलं, रबरी नळी कुठेतरी चिरली असेल, तिथून हवा ओढत असेल. नळ्या बदलल्या. पुन्हा बंद. मग डिझेल ओढणारा पंपच बदलला, आणि काल तो नवा पंप लावल्यावर दादाने छातीठोकपणे सांगितलं होतं की आता गाडी थेट जगदलपूरला नेऊन दाखवतो.

आता तो बॉनेट उघडून पुटपुटत होता. त्याचं म्हणणं असं, की शालिग्रामने जुनाच पंप रंगवून नवा म्हणून लावला. जगदलपूरची बढाई मारून झाल्यावर काल संध्याकाळी पंपाचा आवाज त्याला खटकला, आणि परत दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर तो तसं बोललाही होता. शालिग्राम फक्त इतकंच म्हणाला होता, "भैया, डब्बा आपके सामने खोला." पद्मजाला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चिडचिड दाबून बसली की तिचं डोकं दुखायचं. ती खाली उतरली. गाडीचा डिझेलचा काटा कधीचाच मेलेला, म्हणून बंद पडली की आधी टाकीचं झाकण काढून काडी बुडवून पाहायची, हा दादाचा नियम. झाकणाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

"आण ती किल्ली. मी पाहते," ती म्हणाली.

"तुले नाही जमत ते. थांब, येतो."

"काडी बुडवाले काय आयटीआय लागते? दे म्हटलं ना."

तिने झाकण फिरवलं आणि आतून सुस्स असा आवाज आला. लांबलचक, हवा आत ओढून घेतल्यासारखा. तिने दादाकडे पाहिलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. बत्तीस वर्षं इंजिनांशेजारी काढल्यावर त्याला उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नसत. घरातल्या कुकरची शिट्टीही ऐकू येत नसे.

पद्मजा तशीच उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोपवाटिकेतल्या पाठीवरच्या फवारणी पंपाच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पंप थोडा वेळ फवारतो, मग टाकीच्या कडा आत चेपतात आणि धार थांबते. झाकण सैल केलं की असाच सुस्कारा, आणि धार पुन्हा सुरू. औषध बाहेर जातं, तितकी हवा आत यायला हवी. एवढीच गोष्ट.

तिने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पॉलिथिनची दुहेरी घडी, डिझेलने काळी पडलेली, ट्यूबच्या रबराने करकचून बांधलेली, झाकणाचं हवेचं भोक तिच्याखाली पार बंद.

"दादा, बॉनेट सोड. कशाले हात नको लावू. फक्त सेल मार."

त्याने पंप मारून हवा काढायची राहिली आहे वगैरे समजावायला सुरुवात केली. ती ऐकेना. शेवटी वैतागून तो आत बसला, किल्ली फिरवली. दोन घरघर, आणि गाडी चालू. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पद्मजाने झाकण त्याच्यासमोर धरलं.

"हे कोणं बांधलं?"

त्याने अंगठ्याने ते रबर चाचपलं.

"पाणी पुन्हा जाऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"आणि हवा?"

आता त्यालाही सगळं दिसत होतं: गावात थांबत जाताना थोडी हवा झिरपून आत येत असेल, लांबच्या रस्त्यावर ती पुरायची नाही; दर वेळी डिझेल पाहायला झाकण उघडलं जायचं, हवा आत जायची, आणि गाडी सुरू झाली की श्रेय मात्र त्यानंतर केलेल्या खटपटीला मिळायचं. तीन आठवडे. फिल्टर, नळ्या, पंप. पद्मजाच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, कारण या तीन आठवड्यांत तिने कार्यालयातल्या बाबूंची बोलणी खाल्ली होती, उन्हात वाळलेली रोपं फेकली होती, आणि घरी विनायक, तिचा नवरा, रोज गाडी विकून टाक म्हणत होता. पण दादाचा चेहरा इतका उतरला होता, की तिने रबर तोडलं, पॉलिथिन काढून घेतलं आणि झाकण लावून त्याच्या शेजारी येऊन बसली.

कुंड्या बाराला दहा कमी असताना पोचल्या. येतानाही गाडी कुठे अडली नाही. वाटेत पद्मजाने त्याला झाकणातून आलेल्या त्या सुस्काऱ्याचं सांगितलं. शहरात शिरून तेलीबांधा चौक मागे पडल्यावर दादा म्हणाला, "शालिग्रामकडे जाऊ."

"आता काहून? गाडी तर चालून राहिली."

"काल मी सगळ्यांसमोर बोललो त्याले."

"फोन कर ना. जेवण राहिलंय आपलं."

"सगळ्यांसमोर बोललो, पद्मे. फोनवर कसं होईन?"

दुकानासमोर त्याने गाडी लावली आणि ते पॉलिथिन तिच्याकडून मागून घेतलं. पद्मजा आतच बसून राहिली. भूक लागली होती, पाठ भिजली होती, आणि दादाला हे सगळं गिऱ्हाइकं असतानाच करायचं होतं याचाही तिला राग येत होता. काचेतून तिला दिसलं, दादा ते पॉलिथिन दाखवून काहीतरी सांगतोय, स्वतःच्या कानाकडे बोट दाखवतोय. बाकावरची दोन माणसं हसली. शालिग्राम हसला नाही. त्याने हात पुसले, गाडीपाशी आला, किल्ली घेऊन झाकण काढलं आणि बारीक तारेने त्याचं भोक साफ करून दिलं. खिडकीपाशी येऊन म्हणाला, "दीदी, पंप नया ही है."

"मालूम है, भैया," पद्मजा म्हणाली. "माफ करना."

त्याने चहा मागवला. दादा तिथेच बाकावर बसला, आणि पाचच मिनिटांत त्याच्या हातवाऱ्यांवरून पद्मजाला कळलं, की तो आता शालिग्रामला रेल्वेच्या इंजिनांविषयी काहीतरी समजावतोय. तिने दार उघडलं आणि आपला चहा घ्यायला खाली उतरली.