टुणटुणचे तारे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलं लहान होत चालली आहेत. उत्तर बरोबर आलं की टुणटुण ॲपमधला बेडूक एक तारा देतो, आणि एका ताऱ्यामागे मूल केसभर बुटकं होतं. गणपतीच्या सुट्टीपर्यंत ती बाकाखाली ताठ उभी राहू लागली. संक्रांतीनंतर मी त्यांना टेबलावर बसवू लागले. तेव्हा वर्गातलं सगळ्यात उंच मूल खडूएवढं होतं. टॅबची काच ती पायांनी दाबायची, दोघं-दोघं मिळून, उडी मारून.

हे ॲप आमच्या गिरासे सरांनी आणलं. ते तंत्रस्नेही शिक्षक आहेत. त्यांना फळ्यावर सरळ रेघ मारता येत नाही, पण जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला आहे. मुलांच्या उंचीबद्दल मी विचारलं, तर ॲपमध्ये उंचीचा रकाना नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पालकांचीही तक्रार नव्हती. वर्गातल्या जुळ्या भावंडांची आई दोघांना डब्यातून आणायची, झाकणाला भोकं पाडून. चौथीलाही हेच ॲप असणार ना, एवढंच तिने विचारलं.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख वाघुळदे साहेब तपासणीला आले. टेबलावरची मुलं त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणाली, ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी फक्त गिरासे सरांचा तक्ता पाहिला. एकेका मुलाच्या नावापुढे हिरवी पट्टी होती. एक लाल होती, वैजयंता भोईची.

वैजयंता होती तेवढीच होती. एकटीच बाकावर बसायची. बेडूक सात आणि पाच किती विचारायचा; ती मोठ्याने बारा म्हणायची आणि अकरा दाबायची. मला हे जुलैपासून माहीत होतं. मी काही बोलले नव्हते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

"बाई, ही एकच मागे का?" साहेब म्हणाले. "सोमवारी व्हिडिओ काढायला माणसं येणार आहेत. सगळं हिरवं पाहिजे."

मुलगी समोर बसली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. असल्या माणसाला मी घराच्या ओट्यावर बसू दिलं नसतं. मी 'हो सर' म्हणाले.

मागे राहिलेल्या मुलांना बेडूक दहापट तारे देतो. चार दिवस मी वैजयंताच्या शेजारी बसले, तिचं बोट धरलं आणि बरोबर आकड्यावर दाबलं. तिने हात ओढून घेतला नाही.

"बाई, मला येतंय," पहिल्या दिवशी ती म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

बेडूक दर वेळी टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या दिवशी तिचं बोट धरायला मला चिमूट लागली. शनिवारी मी तिला उचलून इतरांशेजारी ठेवलं. ती माझ्याकडे पाठ करून बसली.

सोमवारी साहेब आले, गिरासे सर आले, कॅमेरा घेऊन दोन माणसं आली. मुलं आता इतकी हलकी झाली होती की मी तोंडाला रुमाल लावून शिकवत होते. कॅमेऱ्यासमोर साहेबांनी आनंददायी शिक्षणावर भाषण केलं. मुलांच्या डोळ्यांतली चमक बघा, असं ते म्हणाले. ते डोळे मलाही चष्मा लावून दिसत नव्हते. मग त्यांनी मानेवरचा घाम पुसला, उकडतंय म्हणाले आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"पंखा नको, सर," मी म्हणाले.

"दोनच मिनिटं हो, बाई."

पात्यांनी पहिला फेरा घेतला. मी दोन्ही हात पसरून टेबलावर ओणवी झाले आणि मुलांना छातीशी ओढलं. गिरासे सर म्हणाले, "बाई, फ्रेममध्ये येताय." मी श्वास धरून कोपराच्या आत मोजलं. सोळा जण होते. वर्गाचा पट एकवीसचा आहे.